झिप का टिकली?

फ्लॉपीत जेमतेम १.४४ एमबी मावायचं आणि मोडेमवर फाइल पाठवायची तर फोनचं बिल चढत जायचं. फायली दाबून लहान करणारे प्रोग्रॅम १९८०च्या दशकात घरोघरच्या संगणकांत शिरले ते याच टंचाईमुळे. त्यामागचं गणित आधीच तयार होतं. जेकब झिव आणि अब्राहम लेंपेल या इस्रायली शास्त्रज्ञांनी ते १९७७ मध्ये मांडलं होतं: एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहू नका, ‘इतकी अक्षरं मागे जा, तिथून इतकी उचला’ एवढीच नोंद ठेवा.

१९८५ मध्ये अमेरिकेत ‘आर्क’ हा असाच एक प्रोग्रॅम आला. फिल कॅट्झने त्याच्याहून वेगवान ‘पीकेआर्क’ काढला, प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीत कॅट्झला पैसे मोजावे लागले. मग १९८९ मध्ये त्याने ‘पीकेझिप’ आणला आणि त्याच्या झिप फायलींची अंतर्गत रचना सगळ्यांसाठी खुली केली. जपानचा एलएचए, रॉबर्ट जंगचा एआरजे, रशियातला रार आणि मॅकवरचा स्टफइट हे सगळे आपापल्या जागी उत्तम होते. काही तर झिपपेक्षा घट्ट दाबत. तरी आज डॉकएक्स, ईपब आणि अँड्रॉइडच्या एपीके फायली आतून झिपच असतात. त्यांतली कुठलीही फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली, तर सुरुवातीलाच ‘पीके’ ही कॅट्झची आद्याक्षरं दिसतात.

बंद रचनेचं काय होतं, ते ‘एस’ या दाबलेल्या फायलींच्या आणखी एका प्रकाराने दाखवलं. त्या फायली उघडण्यासाठी विनरार हा प्रोग्रॅम ज्या परक्या लायब्ररीवर विसंबून होता, तिच्यात २०१९ मध्ये गंभीर सुरक्षादोष उघड झाला. लायब्ररीचा मूळ कोड विनरारच्या निर्मात्यांकडे नव्हता, त्यामुळे दुरुस्ती अशक्य होती. त्यांनी एस उघडण्याची सोयच काढून टाकली.

म्हणून अशा प्रोग्रॅमांनी दाबलेले जुने संच उघडून झिपमध्ये भरले की काम संपलं, असं मात्र नाही. जुन्या मॅकवर एका फाइलचे दोन भाग असत. स्टफइटची फाइल विंडोजवर सोडवली की दुसरा भाग गळू शकतो, आणि त्या काळचे कित्येक फॉन्ट शून्य बाइटचे होऊन हाती येतात. एआरजेचा संच अनेक फ्लॉप्यांवर तोडलेला असेल, तर मधली एक फ्लॉपी खराब झाली तरी तिच्यावरून पुढे गेलेली फाइल अर्धवट राहते. मराठी डीटीपीवाल्यांची अडचण आणखी वेगळी. युनिकोडपूर्व काळातली फाइल सुखरूप सुटली, तरी तिचा फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फ्लॉपीची किंवा सीडीची जशीच्या तशी प्रत घ्या. मग जुन्याच प्रोग्रॅमने संचाची तपासणी करा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा असते. त्यानंतरच फायली सोडवून झिपमध्ये भरा आणि लागणारे फॉन्टही त्यातच ठेवा. मूळ संच मात्र पुसू नका. आज न सुटणारी फाइल उद्या एखादा नवा प्रोग्रॅम सोडवील, पण पुसलेली कुणालाच सोडवता येणार नाही.