आगगाडीची प्रतिकृति : खेळ कीं शास्त्र?

लहान मुलाच्या हातीं किल्लीची आगगाडी दिली म्हणजे तें तिला घरभर पळवितें, आणि आठ दिवसांत तिचीं चाकें कपाटाखालीं सांपडतात. तोच खेळ प्रौढ माणसांनीं मनावर घेतला म्हणजे काय होतें, तें पाहण्यासारखें आहे. लंडन शहरांत १९१० सालीं ‘मॉडेल रेल्वे क्लब’ या नांवाचें एक मंडळ स्थापन झालें. या प्रकारच्या मंडळांत तें जगांतील सर्वांत जुनें समजलें जातें. १९६० सालीं किंग्ज क्रॉस स्थानकाच्या परिसरांत, कॅलशॉट स्ट्रीटवर, ‘कीन हाउस’ ही स्वतःची वास्तु त्यास लाभली. याच मंडळानें उभारलेल्या ‘कोपनहेगन फील्ड्स’ नामक मांडणीची कीर्ति या छंदाच्या जगांत दूरवर पसरली आहे.

किंग्ज क्रॉसहून उत्तरेस जाणारी गाडी प्रथम एका बोगद्यांत शिरते, क्षणभर उघड्यावर येते आणि लगेच कोपनहेगन बोगद्यांत दिसेनाशी होते. या दोन बोगद्यांमधील आणि त्यांच्या माथ्यावरील मुलूख, १९१९ ते १९३९ या दोन महायुद्धांमधील काळांत जसा होता तसा, या मांडणीवर वसविला आहे.

अशा कामाचा पाया म्हणजे प्रमाण. येथें एका फुटास दोन मिलिमीटर धरले आहेत. म्हणजे प्रत्येक वस्तु मूळ वस्तूच्या एकशें बावन्नाव्या हिश्श्याएवढी. त्या हिशेबानें एक मैल म्हणजे सुमारें साडेदहा मीटर. इंग्लंडांतील दोन रुळांमधील अंतर ४ फूट ८॥ इंच असतें. तें येथें ९.४२ मिलिमीटर होतें. आपल्याकडील साडेपांच फुटी रुंद मार्ग याच प्रमाणांत ११ मिलिमीटर भरेल.

बाजारांत ९ मिलिमीटर अंतराचे तयार रूळ मिळतात. अर्ध्या मिलिमीटरासाठीं एवढा अट्टाहास कशाला, असें कोणीही विचारील. पण सवलत घेण्याची एकदां संवय लागली कीं ती कोठें थांबेल याचा नेम नाहीं. इंग्लंडांत लोकप्रिय असलेल्या चार मिलिमीटर प्रमाणाच्या गाड्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर धांवतात. मूळ मापांत हें अंतर ४ फूट १॥ इंचच पडतें. म्हणजे गाडी पुष्ट आणि मार्ग कृश! हें टाळावयाचें तर रूळ, सांधे आणि चाकें स्वतः घडविण्यावांचून गत्यंतर नसतें. दोन मिलिमीटरवाल्यांनीं तोच मार्ग पत्करला आहे.

माप लहान करतां येतें. परंतु सृष्टीचे नियम लहान करतां येत नाहींत. लांबी १५२ पटींनीं घटली तर वजन १५२ चा घन, म्हणजे सुमारें पस्तीस लक्ष पटींनीं घटतें. दीडशें टनांचें इंजिन या हिशेबानें ४३ ग्रॅमचें, म्हणजे जेमतेम पावणेचार तोळ्यांचें होईल. वीज रुळांतून चाकांत जावयाची तर चाक रुळावर नीट दाबून बसलें पाहिजे. म्हणून कारागीर इंजिनाच्या पोटांत जागा मिळेल तेथें शिसें भरतो. धुळीचा कण मात्र कोणाच्या प्रमाणास जुमानीत नाहीं. मोठ्या इंजिनास जो जाणवतही नाहीं, तो या चिमुकल्या इंजिनास वाटेंत अडवून धरतो. वळणांची अडचण निराळीच आहे. अर्ध्या मैलाच्या त्रिज्येचें वळण हुबेहूब घ्यावयाचें तर त्रिज्या सव्वापांच मीटर ठेवावी लागेल. एवढें दालन सामान्य हौशी माणसास कोठून मिळणार? म्हणून बहुतेक मांडण्यांत वळणें आवळून घ्यावीं लागतात.

अंतराचा भास निर्माण करण्यासाठीं या मंडळानें चित्रकारांच्या यथार्थदर्शनाचा आश्रय घेतला आहे. पुढील इमारती पूर्ण प्रमाणांत असून मागें जावें तसतशा त्या लहान होत जातात. त्यामुळें थोड्या फुटांच्या खोलींत एक विस्तीर्ण शहर पसरल्यासारखें दिसतें.

परंतु ही सारी खटपट ज्या भूमीसाठीं केली, तिचा इतिहास याहून मोलाचा आहे. इंग्लंडांतील सहा शेतमजुरांना संघ स्थापल्याच्या प्रकरणीं काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हां तिच्या निषेधार्थ १८३४ च्या एप्रिलमध्यें याच मैदानावर हजारों कामकरी जमले होते. पुढें १८५५ सालीं तेथें गुरांचा मोठा बाजार भरूं लागला. कालांतरानें त्याच आवारांत जुन्यापान्या वस्तूंचा बाजारही प्रसिद्धीस आला, आणि दुसऱ्या महायुद्धाबरोबर तो मोडला. १९६३ सालीं किंग्ज क्रॉसची वाफेच्या इंजिनांची शेड बंद झाली. बाजाराच्या मध्यभागीं असलेला घड्याळाचा मनोरा मात्र अजून उभा आहे. भोंवतालचें जग गेलें.

गेलेलें जग पुन्हां उभें करावयाचें तर अंदाज चालत नाहीं. जुने नकाशे ताडून पाहावे लागतात, छायाचित्रांतील खिडक्या मोजाव्या लागतात, कोणत्या भिंतीवर कोणती जाहिरात होती तें शोधावें लागतें. राजवाड्यांची चित्रें शेंकड्यांनीं मिळतात. परंतु कोळशाचें आवार, गोठ्याची मागली भिंत, धुरानें काळवंडलेली चाळ यांची नोंद ठेवण्याची तसदी फार थोडे घेतात. ज्या गोष्टी सर्वांच्या नित्य डोळ्यांपुढें असतात, त्याच प्रथम विस्मरणांत जातात.

हा खेळ कीं शास्त्र, या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. आनंदासाठीं केलेलें काम म्हणून तो खेळ आहे. पण त्या आनंदाला मापाचें, पुराव्याचें आणि सहकार्याचें बंधन घातलें आहे. एकानें रूळ घडवावे, दुसऱ्यानें घरें उभारावींत, तिसऱ्यानें तारा जोडाव्या, आणि शेवटीं कोणाचा हात कोठें लागला हें पाहणाऱ्यास ओळखूं येऊं नये. आपल्याही गांवांतील जुनीं स्थानकें, वखारी आणि बाजार आपल्या डोळ्यांदेखत पालटत आहेत. त्यांची कोणीं निदान फूटपट्टी घेऊन मोजमापें टिपून ठेवलीं, तर पुढील पिढ्यांवर तेवढे उपकार होतील.