पाण्याच्या गल्ल्या, धाग्याच्या गल्ल्या

नोव्हेंबर 1615. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीर बादशहाच्या भेटीला निघाला होता आणि वाटेत बुऱ्हाणपूरला थांबला. शहजादा परवेझचा दरबार इथे, दक्षिणेतल्या मोगल फौजेचं मुख्य ठाणं इथे; म्हणजे शहर काही लहानसहान नव्हतं. पण वकीलसाहेबांना उतरायला मिळाल्या सराईतल्या चार खोल्या. विटांच्या, वरून गोल. त्या त्याला भट्टीसारख्या वाटल्या, आणि भट्टीपेक्षा मोठ्याही नाहीत असं त्याने लिहून ठेवलं. शेवटी तो आपल्या तंबूत राहायला गेला. शहराबद्दलचं त्याचं मतही फार बरं नव्हतं. शहजादा, खानखाना आणि आणखी मोजक्या लोकांचे वाडे सोडले, तर बाकी सगळी मातीची खोपटी.

गंमत अशी की त्याच 1615 साली, त्याच शहरासाठी, जमिनीखाली जे काम चाललं होतं ते पाहिलं असतं तर रोला दोन शब्द चांगले लिहावे लागले असते. लंडनमध्येही तेव्हा पाणी वाहून घरोघर विकणारे पाणके होतेच.

अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे ज्याचे दोहे आपण शाळेत हिंदीच्या पुस्तकात वाचले तो रहीम, तेव्हा बुऱ्हाणपूरचा कारभार पाहत होता. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने त्याच्या आश्रयाने इथे भुयारी पाणीपुरवठा उभा केला. कल्पना ऐकायला साधी आहे. शहराच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि उताराने नदीकडे सरकत राहतो. त्या चालत्या पाण्याला मध्येच गाठायचं, त्याच्या वाटेत भुयार खणायचं आणि भुयाराला इतकाच उतार द्यायचा की पाणी साचणार नाही आणि धावणारही नाही. दर वीसेक मीटरवर वरून खाली एक उभी विहीर, तिला कुंडी म्हणतात. खणलेली माती तिच्यातून वर काढायची आणि खाली हवा सोडायची. अशा शंभरावर कुंड्यांची माळ म्हणजे कुंडी भंडारा. पंप नाही, रहाट नाही, बैल नाही. पाणी आपल्या पायांनी चालत जाली करंज नावाच्या हौदात येई आणि तिथून मातीच्या नळांनी शहरात जाई.

आता यातली खरी मौज. खानखाना बुऱ्हाणपुरात बसून ज्याच्याशी लढत होता तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. आणि साधारण त्याच सुमारास मलिक अंबरही खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, जमिनीखालून पाणी आणत होता; तीच नहर-ए-अंबरी. रणांगणावर एकमेकांची नरडी धरणाऱ्या दोघांनी आपापल्या गावातल्या गल्ल्यांसाठी मात्र एकच युक्ती वापरली. पुण्याला कात्रजचं पाणी यायला यानंतर शतकाहून अधिक काळ जावा लागला.

लालबाग भागात आज लिफ्टने सत्तर-ऐंशी फूट खाली उतरून हा भंडारा पाहता येतो. पाणी अजून वाहतं. पाण्यातल्या क्षारांचे थर भिंतींवर चढत जाऊन भुयार हळूहळू अरुंद होत आहे, ही त्याची खरी काळजी. मार्च 2024 मध्ये भारताने युनेस्कोकडे पाठवलेल्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं आहे. आणि वर? वर रस्ते, घरं, शेतं, झाडं, मधूनच जमिनीतून डोकं काढलेला कुंडीचा गोल कठडा. आपल्या अंगणाखालून चारशे वर्षांचं पाणी चाललंय ही जाणीव घेऊन जगणं कसं असेल? बहुतेक काहीच वाटत नसेल. वापरातल्या गोष्टींकडे माणूस बघत नाही.

एखाद्या रस्त्यावर राहणं कसं असतं, हे घरांवरून कमी आणि त्या रस्त्यातून काय वाहतं यावरून जास्त ठरतं, असं मला वाटतं. पाणी, धागा, गाड्या, बाजाराची गर्दी. बुऱ्हाणपूर या बाबतीत फार सोयीचं शहर आहे, कारण इथे हे सगळे प्रवाह वेगवेगळ्या गल्ल्यांतून जातात.

नावंच पाहा. शनवारा, इतवारा, बुधवारा. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. यातल्या काही नावांना आता कोटाचे दरवाजे चिकटलेले आहेत, पण कोट शहराच्या मानाने उशिराचा. फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस गाव वसवलं, त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, 1731 मध्ये, निजामुल्मुल्क आसफजाहने ही विटांची तटबंदी उभी केली. इतका श्रीमंत बाजार आणि त्याभोवती उघडे पुरे पसरलेले. याचा अर्थ काय होतो ते जानेवारी 1681 च्या अखेरीस मराठ्यांनी दाखवून दिलं होतं. संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर काही दिवसांतच हंबीरराव मोहिते इथे येऊन धडकले आणि बहादूरपुरा व आसपासचे पुरे लुटले गेले, जाळले गेले. जाळायला कष्ट पडले नसणार. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये त्याच शतकात इथून गेला, तेव्हा त्याला बहुतेक घरांवर गवताची छपरं दिसली होती. त्याच छपरांखालचं झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान, अगदी पोलंडपर्यंत जात होतं हेही त्यानेच लिहिलंय. (2025 मध्ये संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ चित्रपट आल्यावर जवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं उकरत होते, मोगलांचं सोनं सापडेल म्हणून. चारशे वर्षांचं पाणी शेजारी फुकट वाहत असताना.)

कापडाचा धंदा मात्र गेला नाही, फक्त हातमागाचा यंत्रमाग झाला. इथल्या मोमीनपुऱ्यातला असो, मालेगावचा असो की इचलकरंजीचा, मागाच्या गल्लीत पाऊल टाकायच्या आधी ती ऐकू येते. साध्या मागात धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, तिथे दाणकन थांबतो आणि परत फेकला जातो. मिनिटाला शंभरावर वेळा. इंचाला 40 बाणे आणि मिनिटाला 120 फेऱ्या धरल्या तर एका तासात साडेचार मीटर कापड होतं, आणि तेवढं कापड म्हणजे सात हजारांवर ठोके. एका मागाचे. एका खोलीत असे आठ माग असले तर आवाज सहज नव्वद डेसिबलच्या वर जातो. रोज आठ तास ऐकायचा असेल तर 85 च्या पुढे कानांना धोका सुरू होतो. माग जड असतो आणि थरथरतो, म्हणून तो तळमजल्यावरच बसवावा लागतो. मग माणसं राहतात वर किंवा मागच्या खोलीत. घराला आकार माग देतो, गल्लीला वेळापत्रकही तोच. लाइट गेली की सगळी गल्ली एकदम गप्प होते आणि माणसं उंबऱ्यावर येतात. शेजाऱ्याशी नीट बोलायची वेळ तीच. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतल्या विणकर बायका या गोंगाटात ओठांच्या हालचालींवरून गप्पा मारायच्या, आणि सवय इतकी जडली की रस्त्यावरही तशाच बोलायच्या.

गांधी चौकाची तऱ्हा आणखी वेगळी. इथल्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. फारुकींची वंशावळ त्यात देवनागरीत कोरलेली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा अली खानाने ही मशीद बांधवली. दाराबाहेर पडलं की बाजार. इथे ज्याचं घर आहे त्याला एकांत मिळत नसेल, पण मावा जिलबी हाकेच्या अंतरावर मिळते. काहीतरी गमावल्याशिवाय काही मिळत नाही, आणि हा सौदा तर अजिबात वाईट नाही.

लालबागेचं जगणं पुन्हा निराळं. रेल्वे आली ती शहरापासून तीनेक किलोमीटर लांब, आणि स्टेशनच्या बाजूला पुढे ताप्ती मिल उभी राहिली. त्यामुळे एकाच शहरात दोन घड्याळं झाली. जुन्या शहराचं घड्याळ बाजाराचं आणि मागाचं, लालबागेचं पाळीचं आणि भुसावळ-खंडवा गाड्यांचं.

या सगळ्याला मोजपट्टी लावणारा एक माणूस होऊन गेला, डोनाल्ड ॲपलयार्ड. त्याने 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले दिसायला सारखेच तीन रस्ते निवडले. एकावरून दिवसाला 2,000 गाड्या जात, एकावरून आठेक हजार, एकावरून जवळपास 16,000. मग त्याने घरोघर जाऊन विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? कमी रहदारीच्या रस्त्यावर सरासरी तीन, जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नाही. घरं साधारण तशीच, मोठा फरक मधून काय वाहतं याचा. यावरचं त्याचं पुस्तक 1981 मध्ये आलं, आणि पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेने तो गेला.

जुन्या बुऱ्हाणपूरच्या कितीतरी गल्ल्यांत मोटार शिरतच नाही. मे महिन्याच्या उन्हात समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली धरतात, आणि आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका न्यायची वेळ आली की तीच सावली महाग पडते. रुंद रस्ते शहराबाहेरचे, इंदूर-इच्छापूर रस्त्यासारखे. त्यांच्यावरून केळीचे ट्रक जातात, कारण तापीकाठचा हा जिल्हा रावेरच्याच केळीपट्ट्याचा पुढचा तुकडा आहे.

ॲपलयार्ड लोकांच्या हातात रस्त्याचा नकाशा देई आणि विचारी, यातला कुठला भाग तुम्हाला आपला वाटतो, त्याभोवती रेघ काढा. शांत रस्त्यावरची माणसं सगळा रस्ता घेरून टाकत. गजबजलेल्या रस्त्यावरची माणसं आपल्या दाराशी थांबत. असा नकाशा शनवाऱ्याच्या चौकात, मागाच्या एखाद्या गल्लीत आणि लालबागेत कुंडीशेजारी राहणाऱ्याला दाखवून बघायला हवा. मागाच्या गल्लीत विचारायचं तर लाइट गेल्यावर विचारा, नाहीतर प्रश्नच ऐकू जायचा नाही.