प्लंबर, फायरमन आणि अकरा अजिंक्यपदं

एप्रिल २०२२ मध्ये ईएसपीएनच्या एका चर्चेच्या कार्यक्रमात माजी एनबीए खेळाडू जे. जे. रेडिक यांनी जुन्या काळातला खेळाडू बॉब कूझी याच्याबद्दल एक शेरा मारला. कूझी ज्यांच्याविरुद्ध खेळला ते प्लंबर आणि फायरमन होते, असा त्याचा आशय. क्लिप जगभर फिरली. तेव्हापासून जुन्या बास्केटबॉलचा विषय निघाला की हे वाक्य पुराव्यासारखं समोर टाकलं जातं. ९३ वर्षांच्या कूझीनेही गप्प न बसता बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांची नावं घेऊन उत्तर दिलं होतं. पण उत्तरं कधी टोमण्याइतकी फिरतात का?

आपल्याकडेही हा समज आता पक्का रुजला आहे. २०१९ मध्ये मुंबईत पेसर्स आणि किंग्ज यांचे सामने झाले, २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी ‘द लास्ट डान्स’ पाहिली गेली आणि एनबीएवर हिरिरीने बोलणारी एक नवी पिढी तयार झाली. आनंदच आहे. मात्र यातल्या बऱ्याच जणांचा इतिहास मायकल जॉर्डनपासून सुरू होतो आणि त्याआधीचं सगळं एका वाक्यात निकालात निघतं. रसेलची ११ अजिंक्यपदं? तेव्हा संघच आठ होते. विल्टचे १०० गुण? समोर होतं कोण? मग ठरलेला प्लंबर हजर होतोच.

या शेऱ्यात खरं काय आहे ते आधी मान्य करायला हवं. १९५० आणि ६० च्या दशकांत एनबीएचा पगार वर्षभर पुरेल असा नव्हता. हंगाम संपला की बरेच खेळाडू विमा विकत, दुकानात काम करत, मुलांची शिबिरं घेत. पण उन्हाळ्यात विमा विकणारा माणूस हिवाळ्यात हौशी खेळाडू होतो, हे तर्कशास्त्र कुठलं? दुसरी नोकरी म्हणजे मालक पैसे कमी देत होते, एवढाच तिचा अर्थ. आणि खरोखरच दुसरीकडे कामाला असलेल्या खेळाडूचं उदाहरण हवं असेल तर ते लॉस एंजेलिस लेकर्सच्या एल्जिन बेलरचं घ्यावं.

१९६१-६२ च्या हंगामात बेलरला लष्कराच्या राखीव दलातून प्रत्यक्ष सेवेवर बोलावण्यात आलं. नेमणूक वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट लुईसच्या छावणीत. आठवडाभर गणवेश, परेड, वरिष्ठांचे हुकूम. शनिवार-रविवारची रजा मंजूर झाली की विमान पकडायचं, जिथे सामना असेल तिथे पोहोचायचं, खेळायचं आणि परत छावणी गाठायची. अशा परिस्थितीत तो ४८ सामने खेळला आणि सामन्यामागे त्याची सरासरी होती ३८.३ गुण. त्याच मोसमाच्या अंतिम फेरीत, बोस्टन सेल्टिक्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, त्याने ६१ गुण केले. सेल्टिक्स म्हणजे रसेलचा संघ, बचावासाठीच ओळखला जाणारा. अंतिम फेरीतल्या एका सामन्यातला हा विक्रम ना जॉर्डनने मोडला, ना कोबी ब्रायंटने, ना लेब्रॉन जेम्सने.

आता ‘आठच संघ’ या मुद्द्याकडे. हा मुद्दा मांडणाऱ्यांना आपण कुणाच्या बाजूने बोलतोय हेच कळत नाही. आठ संघ, प्रत्येकात जेमतेम दहा-बारा खेळाडू; म्हणजे अख्ख्या लीगमध्ये शंभरेक जागा. आज ३० संघ आहेत आणि जागा साडेचारशे. जागा कमी असतील तर आत शिरणं सोपं असतं की अवघड? शिवाय संघ थोडे असल्यामुळे तेच ते प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा समोर यायचे. १९६१-६२ मध्ये संघ नऊ आणि प्रत्येकाचे सामने ८०, म्हणजे एकेका संघाशी सरासरी दहा वेळा गाठ. रसेल आणि विल्ट आपल्या कारकिर्दीत १४० हून अधिक वेळा समोरासमोर आले. इतक्या वेळा भिडल्यावर समोरच्याला न कळलेली एकही युक्ती उरत नाही.

हे दोघे शरीराने तरी कसे होते? रसेल १९५६ साली उंच उडीत जागतिक क्रमवारीत सातवा होता आणि त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचं सुवर्णपदक घेऊन आला. विल्ट कॅन्सस विद्यापीठात मैदानी स्पर्धांतही उतरायचा. १९६१-६२ मध्ये विल्टने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले आणि तो सरासरी ४८.५ मिनिटं खेळला. सामना असतो ४८ मिनिटांचा. वरचं अर्धं मिनिट ओव्हरटाइमचं. आज मोठ्या खेळाडूंना विश्रांती देण्यासाठी अख्खे सामने वगळले जातात. तरीही त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी, रसेल ठरला. तेव्हा हा मान खेळाडूच मतदान करून देत. सामन्यामागे पन्नास गुण करणारा माणूस समोर असताना त्याच्याशी दररोज झुंजणाऱ्यांनी मत दिलं ते बचाव करणाऱ्याला. खेळाची ही समज प्लंबरांची असेल, तर प्लंबरांना दाद द्यावी.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र नियमपुस्तकात आहे. मिनियापोलिस लेकर्सचा जॉर्ज मायकन, उंची सहा फूट दहा इंच, जाड भिंगांचा चष्मा. बास्केटखालच्या ‘की’मध्ये तो उभा राहिला की त्याला हलवणं अशक्य व्हायचं. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने त्यावर अफलातून उपाय काढला: चेंडू हातात धरून नुसतं उभं राहायचं. प्रेक्षक आरडाओरडा करत होते, पिस्टन्स ढिम्म. शेवटच्या पावभागात दोन्ही संघांचे मिळून चार गुण झाले आणि पिस्टन्सने सामना १९-१८ असा जिंकला. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे होते. पुढच्याच मोसमात ‘की’ची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट करण्यात आली, मायकनला बास्केटपासून लांब ठेवण्यासाठी. १९६४ मध्ये विल्टच्या धास्तीने ती सोळा फूट झाली. आज वानखेडेच्या आसपासच्या शाळेत असो की लॉस एंजेलिसमध्ये, ‘तीन सेकंद’ची शिट्टी वाजते ती आखीव जागा अशा खेळाडूंना आवरण्याच्या खटपटीतूनच रुंदावत गेली. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये सहज चमकणाऱ्या माणसासाठी कुणी मैदानाच्या रेघा पुसून नव्याने मारत नाही.

चेंडू धरून बसण्याच्या रोगावर औषध शोधलं सिरॅक्यूज नॅशनल्स संघाचे मालक डॅनी बियासोने यांनी. त्यांचा धंदा बोलिंग अ‍ॅलीचा. हिशेब साधा होता. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ प्रत्येकी साठेक, म्हणजे एकूण १२० वेळा बास्केटचा प्रयत्न करतात. ४८ मिनिटांचे सेकंद होतात २,८८०. भागाकार येतो २४. चोवीस सेकंदांचं शॉट क्लॉक १९५४-५५ मध्ये लागू झालं आणि एका मोसमात संघांची सरासरी ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली. त्या वर्षीचं अजिंक्यपद सिरॅक्यूजनेच पटकावलं, हा योगायोग बियासोने यांना नक्कीच गोड वाटला असणार.

आता जुन्यांच्या भक्तांसाठीही दोन शब्द, कारण बढाया तिकडूनही मारल्या जातात. १९६१-६२ मध्ये खेळ विलक्षण वेगाने चाले. एकेक संघ सामन्याला शंभराहून जास्त शॉट घेई आणि सरासरी ११८.८ गुण करी. शॉट जास्त, हुकलेले शॉट जास्त, म्हणून रिबाउंडही जास्त. ऑस्कर रॉबर्टसनने त्या मोसमात सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी ट्रिपल डबल गाठली. ती मोठी कामगिरी आहे, पण तो आकडा जसाच्या तसा उचलून आजच्या खेळाडूशेजारी ठेवणं लबाडीचं ठरेल.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. १९५० पर्यंत एनबीएत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागोत हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाने मायकनच्या लेकर्सना ६१-५९ असं हरवलं. शेवटच्या क्षणी एर्मर रॉबिन्सनने मारलेला लांबचा शॉट निर्णायक ठरला. कुणाला बाहेर ठेवलं जात होतं, हे त्या दिवशी हजारो प्रेक्षकांनी पाहिलं. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी अर्ल लॉइड मैदानात उतरला तेव्हा एनबीएचं दार किलकिलं झालं; मात्र एका संघात कृष्णवर्णीय किती असावेत याचे अलिखित संकेत पुढेही बराच काळ चालले. सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय असलेला संघ सेल्टिक्सने उतरवला तो थेट डिसेंबर १९६४ मध्ये. तेव्हा १९५० पूर्वीच्या स्पर्धेची पातळी मर्यादित होती असं कुणी म्हटलं, तर ते रास्त आहे. पण त्याचं कारण वर्णभेद आहे, प्लंबिंग नव्हे.

आणि पगाराची ती स्थिती बदलली कुणी? खेळाडूंनीच. १९५४ मध्ये खेळाडूंच्या संघटनेची जुळवाजुळव केली ती ज्याची खिल्ली उडवली गेली त्या बॉब कूझीने. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टनमध्ये ऑल स्टार सामना होता, एबीसीवर थेट प्रक्षेपण ठरलेलं. सामन्याची वेळ झाली तरी रसेल, विल्ट, रॉबर्टसन, बेलर, जेरी वेस्ट हे सगळे ड्रेसिंग रूमचं दार लावून आत बसलेले. पेन्शनचं आश्वासन मिळेपर्यंत खेळणार नाही, एवढंच म्हणणं. लेकर्सच्या मालकाने बेलर आणि वेस्ट यांना धमकीवजा निरोप धाडला. दोघे जागचे हलले नाहीत. शेवटी लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि सामना उशिरा सुरू झाला. पुढे संघटनेचा अध्यक्ष या नात्याने रॉबर्टसनने १९७० मध्ये लीगवर खटला भरला. १९७६ मध्ये तडजोड झाली, खेळाडूंना संघ निवडण्याचा मार्ग मोकळा होऊ लागला आणि प्रतिस्पर्धी लीग एबीएचे चार संघ एनबीएत आले. ज्युलियस अर्व्हिंगही त्याच वर्षी तिथून आला. रेडिक यांच्या पिढीला उन्हाळ्यात विमा विकावा लागला नाही, त्यामागे हा खटला आहे.

बाकीचे समज यापेक्षा लवकर आटोपतील.

जॉर्डनला शाळेच्या संघातून काढलं होतं? काढलं नव्हतं. १९७८ मध्ये, दहावीत असताना, त्याला कनिष्ठ संघात ठेवलं; वरिष्ठ संघाला उंच मुलगा हवा होता आणि जॉर्डन तेव्हा पुरेसा वाढला नव्हता. त्या वयाच्या मुलांसाठी हे नेहमीचंच.

जॉर्डनने मरणपंथाला लागलेली एनबीए वाचवली? १६ मे १९८० च्या अंतिम सामन्यात वीस वर्षांच्या मॅजिक जॉन्सनने, जायबंदी करीम अब्दुल-जब्बारच्या गैरहजेरीत, ४२ गुण केले आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागांत तो सामना सीबीएसने रात्री उशिरा ध्वनिचित्रमुद्रणातून दाखवला. लीग अडचणीत होती हे खरं. पण तिला वर काढायला मॅजिक आणि लॅरी बर्डने आधीच सुरुवात केली होती. ऐंशीच्या दशकातल्या दहापैकी आठ अजिंक्यपदं या दोघांच्या संघांनी वाटून घेतली. जॉर्डनचं पहिलं १९९१ चं.

थ्री पॉइंटर स्टेफ करीने आणला? १९६१ मध्ये एबीएल या अल्पजीवी लीगने, १९६७ मध्ये एबीएने, १९७९-८० मध्ये एनबीएने. एबीएचा पहिला कमिशनर होता आपला चष्मेवाला मायकन. करीने त्याच रेषेबाहेरून एका मोसमात ४०२ बास्केट करून दाखवले, ही गोष्ट वेगळी आणि पुरेशी थोर.

१९९२ च्या ड्रीम टीमसाठी अमेरिकेने नियम बदलून घेतला? व्यावसायिकांना ऑलिंपिक खुलं करण्याचा ठराव जागतिक संघटनेने १९८९ मध्ये केला आणि अमेरिकेच्या प्रतिनिधींनी त्याच्या विरोधात मत दिलं.

विल्टच्या १०० गुणांचं चित्रीकरण नाही म्हणून ते खोटे? २ मार्च १९६२, हर्शी, प्रेक्षक ४,१२४, वॉरियर्स १६९, निक्स १४७. अधिकृत नोंद आहे, शेवटच्या पावभागाचं रेडिओ समालोचनही उपलब्ध आहे. फ्री थ्रोच्या बाबतीत बदनाम असलेल्या विल्टने त्या रात्री ३२ पैकी २८ टाकले, हेच काय ते अविश्वसनीय.

शेवटचा समज सगळ्यात फसवा, कारण तो तक्त्याच्या रूपात येतो. सर्वाधिक ब्लॉक करणाऱ्यांच्या यादीत हकीम ओलाजुवान ३,८३० ब्लॉकसह पहिला आहे. रसेल आणि विल्ट त्या यादीत कुठेच नाहीत. कारण ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली आणि तोवर दोघेही निवृत्त झाले होते. असा एखादा ‘सार्वकालिक’ तक्ता मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी तो कोणत्या वर्षापासूनचा आहे एवढं तरी वाचावं.