शून्य कुठे मांडायचे?

दहावीच्या सांख्यिकीत आपण गृहीतमध्य पद्धती शिकवतो. मोठ्या संख्यांमधून एक सोयीची संख्या वजा करायची आणि उरलेल्या विचलनांवर गणित करायचे. ‘आकडेमोड सोपी होते’ एवढेच कारण आपण मुलांना सांगतो. पण माहितीवर वक्र बसवताना हीच युक्ती उत्तराचा अर्थही वाचवते. कसा, ते पाहू.

१९५१ ते २०११ या सात जनगणनांत भारताची लोकसंख्या अनुक्रमे ३६.१, ४३.९, ५४.८, ६८.३, ८४.६, १०२.९ आणि १२१.१ कोटी होती. आलेखावर हे बिंदू सरळ रेषेत येत नाहीत. वर वळत जातात. म्हणून क्ष म्हणजे इसवी सन आणि य म्हणजे कोटींमधील लोकसंख्या मानून लघुतम वर्ग पद्धतीने वर्गसमीकरण बसवले, तर मिळते :

य = ४१,४१५ − ४३.१८ क्ष + ०.०११३ क्ष²

स्थिरपद सांगते की सन शून्यामध्ये भारतात ४१ हजार कोटी माणसे होती! क्ष चा सहगुणक सांगतो की लोकसंख्या वर्षाला ४३ कोटींनी घटत होती! गणित चुकलेले नाही. ही दोन्ही विधाने सन शून्याविषयी आहेत आणि आपली माहिती तिथून साडेएकोणीसशे वर्षे दूर आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. या साठ वर्षांत क्ष आणि क्ष² जवळजवळ एकत्रच वाढतात. त्यांचा सहसंबंध ०.९९९९९ आहे. त्यामुळे प्रचंड पदे एकमेकांना खोडत राहतात. क्ष² चा सहगुणक खरे तर ०.०११२६१९ आहे. तो ०.०११३ असा लिहिला, एवढ्यानेच २०११ चे उत्तर सुमारे १५४ कोटींनी चुकते!

आता वर्षांची सरासरी, म्हणजे १९८१, हे शून्य मानू. दहा वर्षांचे एकक घेतले की विचलन व च्या किमती −३, −२, −१, ०, १, २, ३ अशा होतात. व आणि व² यांचा सहसंबंध शून्य येतो. समीकरण असे :

य = ६८.६ + १४.४ व + १.१३ व²

आता प्रत्येक संख्या बोलू लागते. १९८१ मध्ये लोकसंख्या सुमारे ६८.६ कोटी, त्या सुमारास वाढीचा वेग दशकाला १४.४ कोटी, आणि प्रत्येक दशकाची वाढ आधीच्या दशकापेक्षा सुमारे सव्वादोन कोटींनी जास्त. इथेही सहगुणक तीनच अंकांत लिहिले आहेत, पण २०११ चे उत्तर सुमारे १२२ कोटी येते.

मात्र वक्र तोच आहे. पूर्ण अचूकतेने आकडेमोड केली तर दोन्ही समीकरणे प्रत्येक वर्षासाठी एकच उत्तर देतात. शून्य हलवल्याने माहितीत भर पडत नाही, की चुकीचे समीकरण बरोबर होत नाही. २०११ पर्यंतच्या शेवटच्या दोन दशकांत वाढ जवळजवळ सारखीच, सुमारे १८.२ कोटी होती. दर दशकाची वाढ वाढतच जाणार, असे मानणाऱ्या आपल्या वक्राला हे दिसत नाही. ते पाहण्यासाठी मूळ आकड्यांकडेच परत जावे लागते.