सॅम्युएल मॅककॉही

सर सॅम्युएल मॅककॉही (१ जुलै, १८३५ – २५ जुलै, १९१९) हे ऑस्ट्रेलियातील पशुपालक, राजकारणी व दानशूर होते. खासगी सिंचनाच्या त्यांच्या प्रयोगामुळे न्यू साउथ वेल्समधील मरमबिजी नदीच्या खोऱ्यात सरकारी सिंचन योजनेला चालना मिळाली.

प्रारंभिक जीवन

मॅककॉही यांचा जन्म आयर्लंडमधील बॅलिमिना गावाजवळ झाला. १८५६ मध्ये ते मामांसोबत मेलबर्नला आले व व्हिक्टोरियातील कुरणांवर काम शिकले. १८६० मध्ये त्यांनी युराना परिसरातील कूनाँग या कुरणात भागीदारी घेतली. हा प्रदेश विराजुरी या मूलनिवासी लोकांचा होता. वसाहतकाळात तो पशुपालकांच्या ताब्यात गेला.

मेंढीपालन

पुढे डार्लिंग नदीकाठची टूराले व डनलॉप ही कुरणेही त्यांच्याकडे आली. डनलॉप येथे १८८८ मध्ये संपूर्ण कळपाची लोकर यंत्राने कातरण्यात आली. ही पद्धत तेव्हा नवीन होती. मात्र त्यांचा प्रत्येक प्रयोग यशस्वी ठरला नाही. लोकरीचे वजन वाढावे म्हणून त्यांनी अमेरिकेतून व्हरमाँट जातीचे मेरिनो मेंढे आणले. या जातीच्या कातडीला दाट सुरकुत्या असल्याने कातरणी अवघड झाली आणि माश्यांच्या अळ्यांचा उपद्रवही वाढला.

सिंचन

नदी जवळ असूनही तेथील पशुपालन बेभरवशाच्या पावसावर अवलंबून होते. मरमबिजीकाठच्या नॉर्थ यांको या मालमत्तेवर मॅककॉही यांनी सुमारे ३२० किलोमीटर लांबीचे कालवे व पाट खोदून घेतले. कोरड्या मैदानातही पाण्यावर चारा व पिके घेता येतात, हे त्यातून दिसून आले. या यशाने बरिनजक धरणाच्या मागणीला बळ दिले. धरणाचे बांधकाम १९०७ मध्ये सुरू झाले व १९१२ पासून नव्या सिंचन क्षेत्रातील शेतांना पाणी मिळू लागले. एका धनिकाच्या कुरणावर सुरू झालेला प्रयोग अशा रीतीने लहान शेतकऱ्यांच्या वसाहतीचा पाया ठरला.

राजकारण व वारसा

१८९९ मध्ये त्यांची न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेवर नियुक्ती झाली. या सभागृहातील सदस्य तेव्हा निवडून येत नसत, तर तहहयात नेमले जात. मॅककॉही मृत्यूपर्यंत सदस्य होते. १९०५ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. ते अविवाहित होते. त्यांच्या मृत्युपत्रानुसार सिडनी व क्वीन्सलंड या विद्यापीठांना मोठ्या देणग्या मिळाल्या. नॉर्थ यांको येथील त्यांच्या निवासस्थानी १९२२ मध्ये कृषी विद्यालय सुरू झाले.