बाबांची एक, आईची दुसरी

‘एक व्यक्ती, एक भाषा’ हे सूत्र शंभर वर्षांहून जुनं. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा यांनी आपल्या लुई या मुलाशी कटाक्षाने फ्रेंच बोलायचं आणि जर्मन पत्नीने जर्मन, असं ठरवलं. सल्ला होता भाषाशास्त्रज्ञ मोरिस ग्रामों यांचा. लुईच्या बोलण्याच्या नोंदींचं पुस्तक १९१३ मध्ये आलं.

सूत्र उपयोगी, पण हमखास नव्हे. बेल्जियमच्या डचभाषक फ्लँडर्समधल्या जवळपास १,९०० कुटुंबांचं सर्वेक्षण आनिक द हाउवर यांनी २००७ मध्ये मांडलं. एक पालक फक्त डच आणि दुसरा फक्त घरची (डचेतर) भाषा बोलणाऱ्या घरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश घरांमधली मुलं दोन्ही भाषा बोलत. दोघंही घरचीच भाषा बोलत, तिथे प्रमाण बरंच चढं. बाहेरची भाषा शाळा आणि मैदान शिकवतंच. घरात राखायची ती दुबळी बाजू.

‘तण्णी (पाणी) दे ना, आई’ असं तमिळ-मराठी घरातलं पोर म्हणालं, की शेजारपाजारचे लगेच काळजीत पडतात. भाषांचा गोंधळ वगैरे काही नसतो. तेच पोर पाट्टीशी (तमिळ आजीशी) तमिळमध्ये आणि आजीशी मराठीत लाडीगोडी लावतं. समोर कोण आहे याचं भान दोन वर्षांच्या मुलालाही असतं. त्याचा शब्दसंग्रह मात्र दोन्ही भाषांचा मिळून मोजावा, नाहीतर ते उगाच मागे वाटतं. बोलणं खरोखरच लांबलं, तर कानांची तपासणी आधी करावी. घरची भाषा बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याला शास्त्रीय आधार नाही.