पारख घरातच शिकवावी

माहूरच्या बाजारपेठेतील धान्याचा व्यापारी पोत्यातील मूठभर धान्य तळहातावर घेतो, निरखतो, एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि मगच भाव बोलतो. न पारखता माल घेऊ नये, हा व्यापारी घराण्यांचा पिढीजात नियम आहे. त्याच घरातील मूल मात्र विज्ञानाचे धडे न पारखताच पाठ करीत असते. दहावीनंतर नांदेडला किंवा लातूरला शिकवणीसाठी जायचे, हे पुष्कळ घरांत आधीच ठरलेले असते. तेथे परीक्षेची तयारी होते. परंतु स्वतः करून पाहण्याची सवय त्यापूर्वी, घरातच लागावी लागते.

त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत, हे अरविंद गुप्ता यांनी दाखवून दिले. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले गुप्ता पुण्याच्या टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करण्यासाठी गेले. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेल्या या उपक्रमात मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढीत. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या एवढ्यांतून गुप्ता यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. काड्यांचा चौकोन दाबताच कलतो, त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाला मग सांगावे लागत नाही. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्ता यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

व्यापारी घरात तर प्रयोगाचे साहित्य हाताशीच असते. पेन्सिलीवर पट्टी आडवी तोलून एका बाजूस मध्यापासून पाच सेंटिमीटरवर दोन नाणी ठेवावीत. दुसऱ्या बाजूस तसेच एक नाणे कोठे ठेवले असता तोल साधेल, हे मुलाने शोधावे. दहा सेंटिमीटरवर तो साधतो. दुकानातील जुना तराजू काढून पारड्यांतील माल आणि वजने यांची अदलाबदल करावी. दांडीचे दोन्ही भाग समान असतील तर तोल टिकतो, नसतील तर ढळतो. तरफेचा नियम आणि मापाचा प्रामाणिकपणा मुलाला एकाच वेळी कळतो.

पाणी गाळून पिण्याचा नेमही असाच अभ्यासता येतो. गाळण्यावर उरलेले थेंब बशीत घेऊन भिंगातून पाहावेत आणि मग रीतीप्रमाणे मूळ पाण्यात सोडावेत. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले, असे संशोधन रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि ते प्राणी कापडात अडकतात. सुटे जंतू मात्र कापडातून निसटतात. म्हणून पाणी उकळणेही आवश्यक ठरते.

तिसरा प्रयोग माहूरच्या आकाशाचा. मे महिन्यात १९ तारखेच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. गच्चीवर एक डबा उभा ठेवावा. सावली डब्याखाली नाहीशी होईल. पण बारा वाजता नव्हे, सव्वाबाराच्या सुमारास. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. माहूर त्याच्या पश्चिमेस असल्याने सूर्य येथे उशिरा माथ्यावर पोहोचतो. घड्याळातील बारा आणि सूर्याची मध्यान्ह वेगळी असते, हे ज्या मुलाने स्वतः पाहिले, त्याला रेखांशाचा धडा पाठ करावा लागत नाही.

या सर्वांत पालकांचे काम थोडे, पण अवघड आहे. उत्तर ठाऊक असूनही ते आधी सांगू नये. मुलाचा अंदाज वहीत लिहून घ्यावा, प्रयोग करू द्यावा आणि अंदाज चुकला तर रागावू नये. सुरी आणि विस्तव मात्र मोठ्यांच्याच हाती असावा. दुकान वाढवल्यावरची अर्धी घटका आठवड्यातून एकदा दिली तरी पुरे. मूल काही विचारील, तेव्हा “करून पाहू” असे म्हणणारे कोणी घरात असावे.